झाकली मूठ किती दिवस झाकायची?

मागच्या अंकात म्हटलं होतं की अपंगत्व आणि नोकरी यावर प्रश्न पाठवा, तर एवढी पत्रं आली की वाचता वाचता, म्हणजे माझ्या बाबतीत ऐकता ऐकता, दोन आठवडे गेले. नवीन वाचकांसाठी सांगते, मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) काम करते, आणि हिशेबाच्या कामात बरीच वर्षं काढल्यावर आता लोकांना नोकरी शोधायला आणि टिकवायला मदत करते. पत्रं थोडी कापलीत आणि ओळख पटेल असं सगळं काढलंय. आधी पत्र, मग त्याखाली माझं उत्तर. पत्रं वेगवेगळ्या देशांतून आलीत, त्यामुळे कायद्याचं बोलताना कुठला कायदा कुठला ते त्या त्या ठिकाणी सांगितलंय.

ताई, मी ३४ वर्षांचा आहे, अकाउंट्समध्ये आहे. रेटिनायटिस पिगमेन्टोसा आहे, म्हणजे बाजूचं दिसणं कमी कमी होत चाललंय, रात्री तर काहीच नाही. ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. फॉन्ट मोठा करून करून काम चालवतो, पण आता एका शीटला दुप्पट वेळ लागतोय. बायको म्हणते सांगून टाक, मला वाटतं झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचं काय मत?

माझी मूठ मी दोन वर्षं झाकली होती. मग एका बिलात एक शून्य जास्त पडला, साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं "लक्ष कुठे असतं तुमचं?" आणि मी "सॉरी" म्हणून गप्प बसले, कारण खरं कारण सांगितलं तर नोकरी जाईल असं वाटत होतं. म्हणजे झालं काय, की मी आंधळी होतेय हे कळू नये म्हणून मी निष्काळजी आहे हे कबूल करून टाकलं. सव्वा लाख वगैरे काही मिळाले नाहीत त्या मुठीचे.

पण आज उद्या जाऊन सांगून टाका असंही म्हणत नाही. आधी स्वतःची तयारी करा, मग सांगा, कारण सांगताना हातात उपाय असला की समोरचा घाबरत नाही.

एक म्हणजे, फॉन्ट मोठा करणं हा तुमच्या आजारात उलटा उपाय आहे. नळीतून बघितल्यासारखं दिसत असेल तर अक्षर जेवढं मोठं तेवढे शब्द त्या नळीत कमी मावणार, मग एक आकडा वाचायला डोकं चारदा हलवायचं. फॉन्ट थोडा कमी करून बघा आणि त्याऐवजी कॉन्ट्रास्ट वाढवा, काळ्यावर पांढरं किंवा पिवळं. पुष्कळांना याने एका दिवसात फरक पडतो. दुसरं, स्क्रीन रीडर आत्ताच शिकायला घ्या, थोडं दिसतंय तोवर. पूर्ण दिसायचं बंद झाल्यावर शिकायला बसलात तर कीबोर्ड, आवाज आणि मनस्थिती तिन्हीशी एकदम झगडावं लागतं, मी तेच केलं होतं, तुम्ही करू नका.

एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट आहे, मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध प्रोग्रामरने २००६ मध्ये सुरू केला. त्याच्या आधीपासूनचा जॉज आहे, तो विकत घ्यावा लागतो, तो बनवणारे टेड हेन्टर मोटरसायकलच्या शर्यती करायचे आणि १९७८ मध्ये अपघातात दृष्टी गेली. दोघांनी आपल्याला जे लागतं ते बनवलं म्हणूनच ही सॉफ्टवेअर कामाची आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

एक्सेलमध्ये एनव्हीडीए कसा चालतो ते सांगते, कारण "आंधळा माणूस शीट कशी बघणार" हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणारच. बाणाची की दाबत गेलं की तो सेलमधला आकडा वाचतो आणि मग सेलचा पत्ता सांगतो. पण नुसता पत्ता ऐकून काय कळणार, म्हणून शीर्षकांच्या ओळीतल्या पहिल्या सेलवर जाऊन इन्सर्ट, शिफ्ट आणि सी दाबायचं, मग रकाना बदलला की आधी "तारीख", "रक्कम", "येणे बाकी" असं शीर्षक ऐकू येतं. वाचणं थांबवायचं तर कंट्रोल. आवाजाचा वेग सुरुवातीला हळू ठेवा, वर्षभरात तुम्ही एवढा वाढवाल की शेजारच्याला ती मांजरांची भांडणं वाटतील.

मग साहेबांना काय मागायचं? "मला कमी दिसतं, सांभाळून घ्या" हे नको. असं सांगा: मर्ज केलेले (एकात एक जोडलेले) सेल नकोत, रंगाने खुणा केल्या असतील तर त्याचा एक वेगळा रकाना हवा (स्क्रीन रीडर "लाल ओळी बघा" मधलं लाल आपणहून सांगत नाही), स्कॅन केलेल्या बिलांऐवजी मूळ फाइल मिळाली तर बरं, आणि हेडफोन लावून बसायची परवानगी. एवढंच, चार गोष्टी. ऐकणाऱ्याला कळतं की याला दया नकोय, रकाना हवाय.

ताई, मला लहानपणापासून ऐकू कमी येतं, मशीन वापरते, ओठ वाचते. लेखी परीक्षेत पहिली येते आणि मग फोनवर इंटरव्ह्यू ठेवतात. तीन वेळा असं झालं. एकदा भावाने शेजारी बसून लिहून दाखवलं तर त्यांना वाटलं कॉपी करतेय.

भावाला आता सुट्टी द्या. फोनचा राउंड हा कामाचा भाग आहे का हे आधी बघायचं. कॉल सेंटरची नोकरी असेल तर गोष्ट वेगळी, पण डिझाइनच्या, कोडिंगच्या, रेकॉर्ड ठेवायच्या नोकरीत फोन ही फक्त त्यांची सोय असते, आणि सोय बदलता येते. यालाच कायद्याच्या भाषेत वाजवी सोय म्हणतात, संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जो करार केला त्यात हा शब्द आहे आणि त्याचं २७वं कलम सगळं कामाबद्दलच आहे. वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच, असं त्या करारात लिहिलंय.

इंटरव्ह्यूची तारीख आली की लगेच मेल करा, आदल्या रात्री नको. मजकूर एवढाच: "मला ऐकू कमी येतं. फोनऐवजी कॅप्शन चालू असलेला व्हिडिओ कॉल किंवा समोरासमोर मुलाखत ठेवल्यास मी पूर्ण सहभागी होऊ शकेन. पॅनेलमधल्यांनी एका वेळी एकानेच बोलावं, एवढी विनंती. बाकी काही बदल नको." आजाराचं नाव नको, डेसिबल नको, लहानपणची गोष्ट नको. शेवटचं वाक्य मात्र ठेवा, ते फार कामाचं आहे, कारण वाचणाऱ्याच्या मनात "अजून काय काय मागणार ही" असं चालू असतं.

ओठ वाचण्यावर फार भिस्त ठेवू नका असं मला वाटतं, तुम्ही कितीही हुशार असलात तरी. माळ, बाळ आणि पाळ हे तिन्ही शब्द ओठांवर एकसारखेच दिसतात, तिथे संदर्भावरून अंदाजच बांधावा लागतो आणि इंटरव्ह्यूत संदर्भ नवा असतो. प्रत्यक्ष गेलात तर बसायची जागा तुम्ही निवडा. पॅनेलच्या मागे खिडकी असेल तर चेहरे काळे दिसणार, "मी इकडे बसते, उजेड बरा आहे" असं हसून म्हणायचं आणि खुर्ची हलवायची. खुणांच्या भाषेचा दुभाषी असेल तर तो तुमच्या शेजारी नको, पॅनेलच्या शेजारी हवा, म्हणजे दोघं एकाच वेळी दिसतात. आणि पॅनेलने प्रश्न तुम्हाला विचारायचा, दुभाष्याला "तिला विचारा हं" असं नाही. हे आधी सांगून टाका, लोकांना खरंच माहीत नसतं.

मोबाइलवर बोलणं अक्षरात दाखवणारं लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे अॅप २०१९ पासून आहे, कामाच्या ठिकाणी छोट्या बोलण्यांना चांगलं, गोंगाटात गडबडतं. नोकरी लागल्यावर एक गोष्ट विसरू नका, आगीची घंटा. तुम्हाला ती ऐकू येणार नाही, त्यामुळे चमकणारा दिवा लागेल किंवा शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी सांगून ठेवावं लागेल. हे कुणीच पहिल्या दिवशी विचारत नाही.

दिव्यांग, अपंग, विकलांग, स्पेशल, नक्की काय लिहायचं हो सीव्हीत?

काहीच नाही. सीव्हीत काम लिहितात. राखीव जागेचा फॉर्म असेल तर त्या फॉर्ममध्ये जो शब्द छापलाय तो. स्वतःबद्दल बोलताना तुम्हाला जो आवडतो तो, मला आंधळी म्हटलेलं चालतं, माझ्या मैत्रिणीला चालत नाही. "स्पेशल" मात्र दोघींनाही चालत नाही.

अपघातात मणक्याला मार लागला, चार वर्षं घरी. व्हीलचेअर वापरतो. आधी साइटवर सुपरवायझर होतो, आता ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शिकलोय. दोन प्रश्न आहेत. चार वर्षांच्या गॅपचं काय सांगू, आणि व्हीलचेअरचं आधी सांगू की तिथे गेल्यावर कळू दे? आधी सांगितलं की बोलावतच नाहीत, गेल्यावर कळलं की फसवल्यासारखं बघतात.

गॅपचं एका ओळीत उरका. "या काळात दुखापतीतून बरा होत होतो, त्याच काळात अमुक सॉफ्टवेअर शिकलो, ही त्यातली ड्रॉइंग्ज." आणि ड्रॉइंग्ज खरंच पुढे करा. गॅपबद्दल माणूस जेवढा खुलासा करतो तेवढा समोरचा त्यात खोल शिरतो. आणि साइटवरची वर्षं अजिबात झाकू नका, उलट सगळ्यात वर लिहा. ज्याने स्लॅब पडताना बघितलाय तो ड्रॉइंग काढतो तेव्हा चूक कुठे होईल ते त्याला आधी दिसतं, हे नुसत्या कोर्स केलेल्याकडे नसतं.

आता कधी सांगायचं. अमेरिकेत १९९० च्या कायद्यामुळे ऑफर देण्याआधी मालकाने अपंगत्वाबद्दल विचारायचंच नसतं, काम जमेल का एवढं विचारता येतं. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याने तब्येतीचे प्रश्न ऑफरच्या आधी साधारणपणे बंद केलेत. भारतात २०१६ चा कायदा आहे, त्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, सरकारी जागांत ४ टक्के आरक्षण आहे आणि समान संधीचं धोरण जाहीर करणं प्रत्येक आस्थापनेला लागतं, खाजगीसुद्धा. कंपनीकडे ते धोरण मागून बघा, मागितल्यावर चेहरे कसे होतात त्यावरून बरंच कळतं. (सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कायद्याप्रमाणे कामावरून काढता येत नाही, दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. असं दुसरंही एक पत्र होतं, त्याचं उत्तर यातच आलं.)

पण कायदा एकीकडे आणि तुम्ही बंद लिफ्टसमोर बसलेले एकीकडे. माझं मत असं की जे दिसतं ते लपवून फायदा नाही, पण ते अर्जात नाही, बोलावणं आल्यावर सांगायचं. बोलावलंय म्हणजे तुमचं काम त्यांना आवडलंय, आता "नाही" म्हणायला त्यांना कारण शोधावं लागेल. फोनवर सांगा, "मी व्हीलचेअर वापरतो, तुमच्याकडे यायचं तर दोन तीन गोष्टी विचारतो" आणि थेट मापांवर या. माप विचारलं की संभाषण सहानुभूतीवरून इंजिनियरिंगवर येतं, आणि तिथे तुम्ही उस्ताद आहात.

दाराची मोकळी रुंदी ८० ते ९० सेंटिमीटर आहे का. टेबलाखाली गुडघे जायला साधारण ७० सेंटिमीटर उंची मिळते का, मध्ये ड्रॉवर आडवा येतो का. टॉयलेटमध्ये खुर्ची वळायला दीड मीटरचं वर्तुळ आहे का, आणि त्याचं दार बाहेर उघडतं का, कारण आत उघडलं तर तुम्ही आत गेल्यावर ते लागणारच नाही. आणि हो, "एकच तर पायरी आहे हो, उचलू आम्ही" हे वाक्य हमखास येणार. उतार १ ला १२ धरतात, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या त्या एकच तर पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो. तेवढी जागा बहुतेक ठिकाणी असते, कुणी मोजलेलं नसतं एवढंच. उचलू देऊ नका. पहिल्या दिवशी चार जण हौसेने उचलतात, दहाव्या दिवशी तुम्ही त्यांना शोधत बसता.

अजून एक, जे इंटरव्ह्यूत कुणाला सांगायची गरज नाही पण तुम्हाला माहीत हवं. आठ तास बसायचं म्हणजे प्रेशर सोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची भीती, दर १५ ते ३० मिनिटांनी अंग उचलून किंवा पुढे वाकून वजन हलवायला लागतं, तुमच्या फिजिओने शिकवलं असेलच. कामाच्या नादात विसरायला होतं, मोबाइलवर व्हायब्रेशन लावून ठेवा. कितीतरी जण चांगली नोकरी लागल्यावर तिसऱ्या महिन्यात जखमेमुळे परत अंथरुणाला खिळतात, आणि मग लोक म्हणतात बघा, जमलं नाही.

पैशाच्या मदतीचं म्हणाल तर काही देशांत कामाला लागणाऱ्या सोयींचा खर्च सरकार देतं, ब्रिटनमध्ये अॅक्सेस टू वर्क नावाची योजना १९९४ पासून आहे, खुर्ची, सॉफ्टवेअर, कामावर जायचा प्रवास, मदतनीस, सगळं त्यात बसू शकतं. अमेरिकेतलं जॉब अॅकोमोडेशन नेटवर्क १९८३ पासून फुकट सल्ला देतं, त्यांच्या साइटवर अपंगत्वाच्या नावाप्रमाणे सोयींची यादी आहे, ती कुठेही बसून वाचता येते. भारतात दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रं आहेत, क्षमता तपासतात, प्रशिक्षण आणि नोकरीसाठी मदत करतात. कुठेही असलात तरी एक आधी विचारून घ्या, पगार सुरू झाला की चालू असलेली पेन्शन किंवा भत्ता कमी होतो का आणि नोकरी सुटली तर परत सुरू होतो का. अमेरिकेत नेमक्या याच भीतीपायी लोक कामावर जात नव्हते म्हणून १९९९ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

मुलगा २४ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. तीन वर्षं एका कार्यशाळेत "ट्रेनिंग" चालू आहे. तिथले म्हणतात अजून तयार नाही. घरी मात्र तासन् तास वस्तू लावत बसतो, एक इकडची तिकडे झालेली चालत नाही. त्याला खरी नोकरी मिळेल का, की मी उगाच आशा धरून बसलेय?

आई, तीन वर्षांत मुलगा जिथे तयार होत नाही तिथे तयार करणाऱ्याचं बघायला पाहिजे.

आधी शिकवा, तयार झाला की नोकरीला लावा, ही जुनी पद्धत. अडचण अशी की ऑटिस्टिक मुलांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी नेणं कठीण जातं, कार्यशाळेतल्या टेबलावर जमलेलं खऱ्या ऑफिसातल्या टेबलावर जमेलच असं नाही, मग काय, परत ट्रेनिंग. म्हणून उलटी पद्धत निघाली, आधी खऱ्या जागेवर खरी नोकरी, मग तिथेच शिकवायचं, सोबत जॉब कोच. अमेरिकेत १९८६ मध्ये कायद्यात याला जागा मिळाली.

जॉब कोच करतो काय? समजा काम आहे जुनी कागदपत्रं स्कॅन करायचं. आपण म्हणतो "हे स्कॅन कर", कोच ते अकरा पायऱ्यांत लिहितो. फाइल घे, दोरी सोड, पहिला गठ्ठा काढ, स्टेपलर पिन आहे का बघ, असेल तर काढ, पिन डबीत टाक, कागदाची कडा जुळव, असं. मग बघत बसतो मुलगा कुठे अडतो. समजा पिनच्या पायरीवर अडला, कारण पिन अर्धीच निघाली तर काय करायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्या पायरीचे दोन फोटो चिकटवायचे, अर्धी पिन आणि चिमटा. अडलं सुटलं. हळूहळू कोच लांब उभा राहतो, मग आठवड्यातून एकदा येतो, आणि त्याच्या जागी शेजारच्या टेबलावरचा सहकारी येतो, अधूनमधून विचारणारा. कोच कायम शेजारी बसलेला दिसला तर समजा काम नीट चाललेलं नाही.

तुमच्या मुलाचा इंटरव्ह्यू घेऊ देऊ नका, दोन तास काम देऊन बघा म्हणा. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता" याचं उत्तर मलाही येत नाही. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोन यांनी २००४ मध्ये स्पेशलिस्टर्न ही कंपनी काढली, त्यांचा मुलगा ऑटिस्टिक आहे, आणि तिथे उमेदवारांना प्रश्न विचारायच्या ऐवजी लेगोचे रोबो बनवायला देऊन त्यांची पद्धत बघायचे. तिथलं काम सॉफ्टवेअर तपासायचं होतं. पण म्हणून प्रत्येक ऑटिस्टिक मुलगा कॉम्प्युटरचा जादूगार असतो असं धरून बसू नका, तोही एक छळच आहे त्या मुलांचा. तुमचा मुलगा लावतो. तर जिथे जिथे काही लावून ठेवायचं असतं ते बघा, लायब्ररी, औषधांचा साठा, सुट्या भागांचं गोदाम, रेकॉर्ड रूम.

आणि त्या कार्यशाळेत तीन वर्षं तो जे बनवतो ते विकलं जातं का आणि त्याचे पैसे त्याला मिळतात का, हे सरळ विचारा. संकोच नको. अमेरिकेत १९३८ च्या एका कायद्यातली पळवाट आहे, तिच्या आधारे अपंग कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी देता येतं, आणि ट्रेनिंग या गोंडस शब्दाखाली माणसं पंचवीस पंचवीस वर्षं तशी बसलेली आहेत.

बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी फार वर, कधी फार खाली. गोळ्यांनी सकाळी सुस्ती येते, उशीर होतो, दोन नोकऱ्या गेल्या. डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिलं तर त्यावर आजाराचं नाव असतं, मग सगळ्यांना कळणार.

डॉक्टरांना सांगा की आजाराचं नाव न लिहिता गरज लिहा. "उपचारामुळे सकाळी १० च्या आधी काम सुरू करणं योग्य नाही, रात्रपाळी देऊ नये" एवढं बऱ्याच ठिकाणी पुरतं. एचआरने जास्तच खोदलं तर त्यांना डॉक्टरांशी बोलू दे, पण फक्त गरजेबद्दल. हे पत्र ते टीममध्ये फिरवू शकत नाहीत, हेही देताना बोलून टाका. गोळीची वेळ मागे पुढे करता येईल का हे डॉक्टरांनाच विचारा, स्वतःच्या मनाने नको. रात्रपाळीचं मी मुद्दाम लिहिलंय, झोप मोडली की तुमचा आजार उसळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, तरी लोक पगार जास्त म्हणून घेतात.

"आधी पूर्ण बरे व्हा मग नोकरी बघा" असं सांगणारे भेटतील, घरातलेच जास्त. १९९० च्या दशकात डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये एक पद्धत बसवली, त्यात गंभीर मानसिक आजार असलेल्यांनाही थांबवत नाहीत, काम करायचंय म्हणालात की लगेच शोध सुरू, आणि उपचार करणारे आणि नोकरी बघणारे एकाच टीममध्ये. वेगवेगळ्या देशांत तपासलं तेव्हा आधीच्या पद्धतींपेक्षा यात जास्त लोकांना नोकऱ्या लागल्या. तुमच्याकडे अशी टीम नसेल तर निदान डॉक्टरांना "मला काम करायचंय" हे वाक्य प्रत्येक भेटीत ऐकवा, नाहीतर ते फक्त झोप आणि मूड विचारून सोडून देतात.

मी छोट्या कंपनीत टीम बघतो. एक हात नसलेल्या मुलाला घेतलं, काम चांगलं आहे. त्याला फोनला हेडसेट दिला, टायपिंगसाठी जरा वेळ जास्त देतो, तर बाकीचे म्हणतात याचे फार लाड चाललेत. काय उत्तर देऊ?

त्यांच्यातला चष्मा लावणारा शोधा आणि विचारा तुझे लाड कोण करतं.

पण खरं सांगू का, थोडं तुमचंही चुकतंय. जास्त वेळ देणं हा उपाय नाही, वेळ का लागतो ते बघणं हा उपाय आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एका हाताने एकदम कसे दाबणार? विंडोजमध्ये स्टिकी कीज आहेत, शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर जी खिडकी येते आणि आपण सगळे वैतागून बंद करतो ना, तीच. ती चालू केली की बटणं एकामागून एक दाबली तरी चालतात. बोलून टाइप करायची सोय आहे. एका हाताचे कीबोर्डही मिळतात, पण आणायच्या आधी त्याला विचारा, कारण तो इतकी वर्षं काहीतरी जुगाड करत आलाय आणि ते त्या कीबोर्डपेक्षा वेगवान असू शकतं. मागे म्हटलं ते जॉब अॅकोमोडेशन नेटवर्क मालकांना हेच विचारत आलंय की सोयींना खर्च किती आला, आणि साधारण निम्मे सांगतात, काहीच नाही.

टीमला त्याच्या हाताची गोष्ट सांगत बसू नका, ती त्याची आहे, त्याला वाटलं तर सांगेल. "कामाला जे लागतं ते मी प्रत्येकाला देतो, तुला काय लागतंय ते सांग" एवढंच म्हणा, आणि खरंच द्या. पुष्कळदा लाड म्हणणाऱ्याचीच खुर्ची मोडलेली असते आणि सहा महिने कुणी बदललेली नसते.

तुम्ही विचारलं नाहीत पण मालक वाचतायत म्हणून सांगते, जर्मनीत २० किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाने ५ टक्के जागा गंभीर अपंगत्व असलेल्यांना द्यायच्या असतात, नाही दिल्या तर रिकाम्या जागेमागे महिन्याच्या हिशेबाने पैसे भरायचे, आणि तो पैसा अपंग कामगारांच्या सोयींवर खर्च होतो. फ्रान्समध्ये ६ टक्के. जपानने एप्रिल २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांना २.५ टक्के केले. तिथेही पैसे भरून मोकळे होणारे आहेतच, नाही असं नाही.

"अपंगांसाठी खास, घरबसल्या डेटा एंट्री, नोंदणी फी भरा" असा मेसेज आलाय. भरू का?

नका भरू. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. मेसेज पुढे कुणाला पाठवू नका, आणि सर्टिफिकेटचा फोटो त्यांना आधीच पाठवला असेल तर तो कुठे कुठे वापरला जाऊ शकतो ते सायबर पोलिसांना विचारा, आजच.